रिपोर्ट ‘सौम्य’, मग पोळीचा घास का चावत नाही?

प्रश्न : माझं वय 47. इंदूरला लोकमान्यनगरात राहते, घरून जेवणाचे डबे देते. सात-आठ महिन्यांपासून उजव्या कानाच्या पुढे दुखतं. सकाळी तोंड नीट उघडत नाही, पोळी दुधात कुस्करून खावी लागते. दाढ दुखतेय समजून आधी दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. रात्री दातांवर घालायची प्लास्टिकची पट्टी करून घ्या म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांनी जबड्याची सोनोग्राफी करायला लावली. रिपोर्ट असा : उजव्या सांध्याचं आवरण 2.6 मिमी, डाव्याचं 1.5 मिमी, उजवीकडे थोडं पाणी, डॉप्लरवर किंचित रक्तप्रवाह, हाडाची कड जराशी खडबडीत. निष्कर्ष, सौम्य सूज. दीर म्हणतात, सोनोग्राफी पोटाची असते, जबड्याला एमआरआयच हवा. सासूबाई म्हणतात, सौम्य लिहिलंय तर एवढं काय झालं? मी खरंच बाऊ करतेय का? मेडिकलवाला दुखण्याची गोळी देतो, तिच्यावर दिवस निभतो. बाकी तब्येत ठीक. सकाळी बोटं आखडतात, पण ते कणीक मळून असेल.

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. जबड्याकडे येतेच, पण आधी ती बोटं.

कणीक मळून दुखणारे हात संध्याकाळी दुखतात, काम आटोपल्यावर. रात्री विश्रांती मिळाली की सकाळी हलके होतात. तुमचं नेमकं उलटं आहे. रात्रभर हातांना काही काम नाही आणि सकाळी ते आखडलेले. जबडाही सकाळीच धरतो. पडून राहिल्याने वाढणारा आणि वापरता वापरता सैल होणारा ताठरपणा बहुतेक वेळा सांध्याच्या आतल्या सुजेचा असतो. उद्या उठल्यावर घड्याळ बघा. मूठ पूर्ण मिटायला किती वेळ लागतो? पाच-दहा मिनिटांत मिटली तर फार काळजी नाही. अर्धा-पाऊण तास, तासभर लागत असेल तर ते अंगावर काढू नका. मग कोणते सांधे दुखतात ते पाहा. मूठ वळल्यावर जे उंचवटे दिसतात ते बोटांच्या मुळांचे सांधे आणि मधली पेरं, तीही दोन्ही हातांची? घरातल्या कुणाला तरी तुमचा पंजा त्या मुळांवरून आडवा, हलकेच दाबायला सांगा. कळ निघाली किंवा नेहमीची अंगठी सकाळी निघेनाशी झाली असेल, तर तेही लिहून ठेवा.

हे आमवाताचं, म्हणजे रुमॅटॉईड आर्थ्रायटिसचं लक्षण असू शकतं. आहेच, असं मी पत्रावरून म्हणणार नाही. पण हा आजार बायकांना पुरुषांच्या दोन-तीन पट होतो, बहुतेकदा तिशी ते साठीच्या दरम्यान सुरू होतो, आणि त्यात शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. ते अस्तर बोटांत आहे तसंच जबड्याच्या सांध्यातही आहे. हा आजार नुसत्या जबड्यापासून सुरू होणं विरळा. हातपाय धरता धरता जबडाही धरला जाणं मात्र नेहमीचं, आणि तिथे दुखलं की सगळ्यांना आधी दाढच आठवते. तुम्हालाही तीच आठवली, त्यात वावगं काही नाही.

म्हणून पुढची भेट दातांच्या डॉक्टरांची नको, संधिवाततज्ज्ञांची, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टची घ्या. ते हात तपासतील, ईएसआर, सीआरपी (सुजेच्या), आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (आमवाताच्या) या रक्ताच्या तपासण्या सांगतील, बहुधा हातांचा एक्स-रेही. एक सांगून ठेवते : आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून आमवात नाही असं होत नाही, आणि सुरुवातीला हातांचे एक्स-रे अगदी साफ असू शकतात. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून कुणी हात न बघताच परत पाठवलं, तर दुसऱ्यांकडे जा.

आता दीरांचं म्हणणं. सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडे पोट आणि गरोदरपण एवढंच डोळ्यांपुढे येतं. त्यात सेंटरच्या दारातच गर्भलिंग तपासणी होत नसल्याची पाटी असते, 1994 च्या कायद्याने ती लावावीच लागते. पण तोच आवाजलहरींचा प्रकार थायरॉईडला वापरतात, खांद्याला वापरतात, आमवातात बोटांच्या सांध्यांना तर आता सर्रास वापरतात. अंगावर फिरवायचा प्रोब तेवढा वेगळा. पोटासाठी बाकदार आणि कमी फ्रिक्वेन्सीचा, कारण खोल बघायचं असतं. सांध्यासाठी सरळ, चपटा आणि जास्त फ्रिक्वेन्सीचा, 7.5 मेगाहर्ट्‌झ किंवा त्याहून वरचा. तो खोल जात नाही, पण कातडीखालचा वरवरचा भाग फार बारकाईने दाखवतो. आणि जबड्याचा सांधा कातडीखालीच तर आहे. कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा, हाडाचं गोल टोक बोटाखाली पुढे सरकताना लागेल. त्या टोकावरच प्रोब फिरवतात. उपाशी राहायला नको, पाणी पिऊन थांबायला नको, किरणोत्सर्ग नाही. दीरांना सांगा, तपासणी चुकीची नव्हती.

ती पुरेशी होती का, हा वेगळा प्रश्न. या तपासणीत करणाऱ्याचा हात फार महत्त्वाचा असतो. एकाच सांध्याचं माप दोन डॉक्टरांकडे थोडं वेगळं येऊ शकतं, प्रोब किती तिरपा धरला आणि किती जोराने टेकवला यावरसुद्धा ते बदलतं. तुमच्या डॉक्टरांनी दोन्ही बाजू पाहिल्या, हे रिपोर्टवरून कळतं. ते चांगलं केलं. तोंड मिटून आणि उघडून, दोन्ही वेळा पाहिलं का, ते तुम्हाला आठवत असेल. सगळा वेळ तोंड मिटलेलंच होतं तर तपासणी अर्धीच झाली.

शिवाय आवाजलहरी हाडातून पार जात नाहीत. त्यामुळे सोनोग्राफीत सांधा रस्त्यावरून घर दिसावं तसा दिसतो. पुढची भिंत स्वच्छ, मागच्या खोल्यांचा पत्ता नाही. बाहेरच्या बाजूचं आवरण, तिथलं पाणी, अस्तराची जाडी, हाडाच्या बाहेरच्या कडेची झीज दिसते. आतली बाजू हाडाच्या सावलीत जाते. दोन हाडांमधली मऊ चकती अर्धीमुर्धी दिसते. हाडाच्या आतली सूज तर दिसतच नाही.

हे ध्यानात ठेवून तुमचे आकडे वाचा. आवरणाची रुंदी म्हणजे हाडाच्या टोकापासून त्यावरच्या पिशवीच्या कडेपर्यंतचं अंतर. आत पाणी साचलं किंवा अस्तर सुजून जाड झालं की ते वाढतं. किती मिलीमीटरच्या पुढे सूज म्हणायची यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, बरेच जण 2 मिमीच्या आसपास रेघ ओढतात. मला स्वतःला त्या रेघेपेक्षा तुमचाच डावा सांधा जास्त भरवशाचा वाटतो. माणूस एकच, मशीन एकच, डॉक्टर एकच, आणि एकीकडे 1.5 तर दुसरीकडे 2.6. ‘किंचित’ म्हणून डॉक्टरांनी जो रक्तप्रवाह नोंदवलाय, त्याला मी किंचित म्हणून सोडणार नाही. निरोगी सांध्याच्या अस्तरात, रक्तप्रवाह रंगात दाखवणाऱ्या पॉवर डॉप्लरवर सहसा रंग दिसत नाही. तो दिसला म्हणजे सूज जुनी, विझलेली नाही, आज चालू आहे. कड खडबडीत असणं हे झिजेचं लक्षण असू शकतं, वयानेही तसं होतं. हाताचे सांधे तपासल्याशिवाय त्याचा अर्थ लागायचा नाही.

म्हणजे आजच्या घडीला त्या सांध्यात सूज आहे का, या प्रश्नाला सोनोग्राफीने होय असं उत्तर दिलंय. सासूबाईंच्या प्रश्नाला तिने उत्तर दिलेलं नाही, आणि ती देऊही शकत नाही. ‘सौम्य’ हा त्या दिवशीच्या, त्या बाजूने दिसलेल्या चित्राचा शेरा आहे. तुम्हाला जेवता किती येतं, बोलता किती येतं, हे प्रोबला कळत नाही. चित्र आणि त्रास यांचा मेळ जबड्याच्या सांध्यात फार ढिला असतो. सांध्यात सूज आली की गालाचे आणि कानशिलाचे स्नायू त्याला जपायला आवळून बसतात, आणि बऱ्याचदा सांध्यापेक्षा तेच जास्त दुखतात. खालचा जबडा हे दोन टोकांवर टांगलेलं एकच हाड. उजवं टोक अडलं की डाव्यालाही वाकडं चालावं लागतं. दुखेल या धास्तीने माणूस तोंड कमी उघडतो, कमी उघडल्याने ते अजून आखडतं. शिवाय सूज खाली-वर होत असते. तुमची तपासणी बहुधा दुपारची, वर गोळी घेतलेली. सासूबाईंना हे वाचायला द्या हवं तर. उलटही होतं बरं का. चित्रात हाड चांगलंच खाल्लेलं आणि माणूस तक्रार न करता जेवतोय, असे रुग्णही असतात. सांधेदुखीच्या लहान मुलांत तर जबडा न दुखताच बिघडतो आणि हनुवटी एकीकडे सरकली की मग आईच्या लक्षात येतं.

बाऊ करताय की नाही, याचं उत्तर म्हणून तुमचा त्रास मोजा. स्वयंपाकघरात स्टीलची पट्टी असेल, नसेल तर मुलांच्या कंपासपेटीतली घ्या. तोंड जमेल तेवढं उघडा, जोर न करता, आणि वरच्या पुढच्या दाताच्या टोकापासून खालच्या दाताच्या टोकापर्यंत अंतर मोजा. मोठ्या माणसात ते साधारण 40 मिमीच्या वर असतं. 35 च्या आत असेल तर तोंड कमी उघडतंय. पट्टी नसेल तर स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का बघा. सकाळी उठल्यावर आणि दुपारी, असे दोन आकडे कॅलेंडरवर त्या-त्या तारखेपाशी मांडा. मोजताना आरशात पाहा. हनुवटी सरळ खाली जाते की उजवीकडे वळते? पहिले वीस-पंचवीस मिलीमीटर हाडाचं टोक जागच्या जागी फिरतं, पुढचं उघडायला ते पुढे घसरावं लागतं. उजवं टोक घसरलं नाही तर हनुवटी उजवीकडे जाते. संधिवाताच्या डॉक्टरांना ही नोंद रिपोर्टइतकीच उपयोगी पडेल.

दुसरी नोंद खाण्या-बोलण्याची. जबड्याच्या कामात किती अडथळा आहे हे मोजायला डॉक्टरांकडे 20 प्रश्नांची एक यादी असते, प्रत्येकाला 0 ते 10 गुण. कडक पदार्थ चावणं, अख्ख्या सफरचंदाचा लचका तोडणं, जांभई, बोलणं, हसणं, गाणं, रागावलेला चेहरा करणंसुद्धा तिच्यात आहे. ती मिळाली तर भराच. तोवर आपली इंदुरी यादी चालेल. मऊ भात, कुस्करलेली पोळी, न कुस्करलेली पोळी, पोहे, पोह्यांवरची शेव, सराफ्यातले गराडू (तळलेला कंद), भाजलेला भुट्टा. शिवाय जांभई, दात घासताना ब्रश दाढेपर्यंत जाणं आणि डब्याच्या लोकांशी फोनवर अर्धा तास बोलणं. प्रत्येकापुढे 0 म्हणजे काहीच त्रास नाही, 10 म्हणजे अजिबात जमत नाही. न कुस्करलेल्या पोळीलाच तुम्ही आठ लिहिणार असाल, तर बाऊ कसला?

आता एमआरआय. तो नक्कीच जास्त दाखवतो. चकती, आतली बाजू, हाडातली सूज, आणि शिरेतून औषध देऊन काढला तर अस्तराची सूजही फार स्पष्ट दिसते. सांध्याचं इंजेक्शन किंवा ऑपरेशन ठरत असेल, तोंड अचानक अडकलं असेल, रुग्ण लहान मूल असेल किंवा उपचार देऊनही उतार पडत नसेल, तर मीही एमआरआयच सांगेन. तुमच्या बाबतीत आज तो काढणं म्हणजे आधी कळस मग पाया. खर्च सोनोग्राफीच्या कितीतरी पट, आणि येणारं उत्तर बहुधा तेच, की सांध्यात सूज आहे. सूज कशामुळे आहे ते रक्त आणि हात सांगतील. ते पैसे आधी तिकडे लावा. काढायचाच झाला तर संधिवाततज्ज्ञांनाच कागद लिहू दे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण विचारायलाच हवी. सुपारी खाता का? आपल्या भागात तोंड उघडत नाही म्हणून कुणी आलं की पहिली शंका सुपारी-गुटख्याचीच घ्यावी लागते. गुटखाबंदी आपल्या मध्य प्रदेशाने 2012 मध्येच केली, पण जेवणानंतरची कतरी सुपारी कायद्याच्या पलीकडे घरोघर चालूच आहे, बायकांतही. तिने गालाच्या आतलं अस्तर पांढरट, ताठ होत जातं, तिखट लागलं की आग होते आणि तोंड दिवसेंदिवस लहान होतं. त्यात सांध्याची सोनोग्राफी सहसा साफ येते. तुमची साफ नाही, तेव्हा मुख्य दुखणं ते नसावं. पण सवय असेल तर दोन्ही एकत्र असू शकतात, आणि सुपारीचा त्रास कॅन्सरपर्यंत जाऊ शकतो. शासकीय दंत महाविद्यालयात किंवा तुमच्या दातांच्या डॉक्टरांकडे एकदा गाल आतून दाखवून या.

दातांच्या डॉक्टरांची पट्टी वाईट नाही. रात्री दात करकरा खात असाल तर स्नायूंना तिने आराम पडेल. अस्तराची सूज मात्र तिने जात नाही. आणि कुणी दात घासून चावा बसवू, दाढ काढून बघू म्हटलं तर हात जोडून नको म्हणा. एकदा घासलेला दात परत येत नाही.

मेडिकलवाल्याच्या गोळीचं जरा स्पष्टच बोलते. तिचं नाव बघा, पाकीट जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. साधी दुखण्याची गोळी असेल तर रोजच्या रोज महिनोन्‌महिने घेऊन पोट, किडनी आणि बीपीवर परिणाम होतो. कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या देत असेल तर त्यात स्टेरॉईड असण्याची शक्यता धरायला हवी. तसं असेल तर ती एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना विचारूनच कमी करा. दोन्ही प्रकारांत दुखणं दबतं आणि आपल्याला वाटतं की निभतंय. आमवात असेल तर त्याला आवर घालणारी औषधं वेगळी आहेत, आणि ती पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली तर सांधे वाचतात. तुमचे सात-आठ महिने गेलेत, म्हणून घाई करतेय. त्यातलं सगळ्यात जास्त दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट हे आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. सुरू झालं तर त्याचा वार भिंतीवर लिहून ठेवा, चुकून रोज घेतलं तर ते जिवावर बेततं.

तोवर खाण्याचं. भुट्टा बंद, भुट्ट्याचा कीस चालू. पोहे चालू, वरची शेव भिजू द्या नाहीतर सोडा. पोळी मऊ, तूप लावून, छोटे घास, दोन्ही बाजूंनी चावत. कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल कानापुढे दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. जांभई येतेय असं वाटलं की हनुवटीखाली मूठ लावा. तोंड उघडावं म्हणून घरी कुणी जोराने ताणून देत असेल, तर ते आजपासून थांबवा. हलका व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतील, सूज उतरल्यावर.

भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नये अशा काही गोष्टी आहेत. तोंड एकाएकी अडकलं, उघडेना किंवा मिटेना, कानापुढे लाल गरम सूज आणि ताप आला, तर त्याच दिवशी एमवायला (महाराजा यशवंतराव रुग्णालयात) किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. दाढा टेकल्या तरी पुढचे दात मिटत नाहीत, पूर्वी मिटायचे, असं झालं तर हाडाची झीज वाढत असू शकते, तेही लवकर दाखवा. आणि जबडा जिना चढताना किंवा भरभर चालताना दुखत असेल आणि थांबलं की राहत असेल, तर त्याचा सांध्याशी संबंध नाही, हृदय आधी तपासून घ्या. सत्तेचाळीसाव्या वर्षी हे विचारावंच लागतं.

संधिवाताचं औषध सुरू झालं तर दोन-तीन महिन्यांनी डॉक्टर पुन्हा सोनोग्राफी सांगतील. तिथेच करा, जमलं तर त्याच डॉक्टरांकडे, आणि सकाळीच, गोळी घेण्याआधी जमत असेल तर तसं विचारून. जुना रिपोर्ट आणि कॅलेंडरची पानं बरोबर न्या. 2.6 खाली आलंय का आणि डॉप्लरचा रंग गेलाय का, ते डॉक्टर बघतील. तोंड किती मिलीमीटर उघडतंय आणि पोळीचे आठ किती झाले, ते तुम्ही सांगा.